चकव्याची अर्धी गोष्ट

(नावं, गाव आणि घराच्या खुणा बदलल्या आहेत. ज्या मुलाची ही हकिकत आहे, त्याच्या घरच्यांना हा मजकूर वाचून दाखवला. आजीने एका वाक्याला हरकत घेतली, ते वाक्य काढलं.)

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं जुनं वाचनालय आहे. त्याचा बालविभाग मी आठ वर्षं सांभाळते. दर शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते सात गोष्टींचा कार्यक्रम असतो. पंधरा-वीस मुलं येतात, वय पाच ते बारा. खरं सांगायचं तर यातली निम्मी मुलं घरी पुस्तक नेत नाहीत, फक्त गोष्टीला बसतात. मला ते चालतं.

गोष्टी सांगायला एक निवृत्त गुरुजी येतात. त्यांच्याकडे भुतांच्या गोष्टींचा साठा आहे, आणि आषाढ लागला की मुलं दुसरं काही मागतच नाहीत. बाहेर पाऊस, सहालाच अंधार, पन्हळीखाली भरून वाहणारी बादली, आणि आत गुरुजींचा खाली उतरलेला आवाज.

बाहेरच्या वाचकाला हे विचित्र वाटेल, पण आमच्याकडे ही मंडळी परकी नाहीत. देवचार आणि राखणदार म्हणजे गावाची, जागेची राखण करणारी अदृश्य मंडळी. देवचाराला नारळ ठेवतात, राखणदाराला सांगून घराबाहेर पडतात. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला ग्रामदेव वेतोबाच्या देवळात माणसाच्या पायात मावणार नाहीत एवढ्या चामडी चपला वाहिलेल्या दिसतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात, असं मुलांना सांगतात. दशावताराच्या नाटकात संकासुर राक्षस आला की पुढे बसलेली पोरं आईच्या पदरात शिरतात, आणि पुढच्या जत्रेला हट्टाने पुन्हा पुढेच बसतात. तेव्हा भीती हा इथल्या बालपणाचा भागच आहे. ती मुलाला सोसवेल अशी कशी द्यायची, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्यात आम्ही चुकलो.

काय झालं

जुलैतला शनिवार. एक लांबलेली राजकन्या संपेपर्यंत सहा पस्तीस झाले होते. मुलांनी गलका केला, "गुरुजी, भुताची!" मी घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवून हो म्हटलं. पहिली चूक तिथे झाली, आणि ती माझी.

गुरुजींनी चकव्याची, म्हणजे रात्री वाट चुकवणाऱ्या भुताची गोष्ट काढली. एक माणूस आठवड्याच्या बाजारातून रात्री घरी निघालेला. पिशवीत मीठ, गूळ आणि सुके बांगडे. वाटेत व्हाळ, म्हणजे ओढा, आणि व्हाळावर साकव, म्हणजे फळ्यांचा छोटा पूल. साकव ओलांडून तो चालू लागतो, चालतो, चालतो, आणि समोर पुन्हा साकव. फळीवर एक सुका बांगडा पडलेला. वाकून बघतो तर त्याच्याच पिशवीतला, मघाशी पडलेला. घाबरून तो झपाझप निघतो, डावीकडे वळतो, बांध ओलांडतो, आणि पुन्हा साकव. तिसऱ्या खेपेला फळीवर बांगडा असतो, पण अर्धाच.

इथे वीज गेली.

मुलं किंचाळली, मग हसली. तेवढ्यात पालक छत्र्या घेऊन दारात आले. सात वाजत आले होते, पाऊस वाढत होता. "राहिलेली पुढच्या शनिवारी," गुरुजी म्हणाले. पुढच्या शनिवारी व्हाळाला पाणी चढलं आणि कार्यक्रमच झाला नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी एक आई वाचनालयात आली. तिच्या मुलाला इथे बाबू म्हणू. वय आठ, तिसरीत. आई खुर्चीवर बसलीच नाही. "तुमी गोष्टी सांगतास, नि रातभर जागूचा आमी!"

बाबू दहा दिवस रात्री घरामागच्या परड्यातल्या संडासला एकटा जात नव्हता, आणि कुणाला उठवायची लाज वाटे म्हणून दोनदा अंथरुणात झाली होती. शाळेला जाताना साकव टाळून तो रस्त्याने लांबचा वळसा घेत होता. आणि बांगडा खात नव्हता. ही गोष्ट आईने सगळ्यात शेवटी सांगितली, पण तिचा आवाज तिथेच कापरा झाला. पावसात मासेमारी बंद, ताटात जे असतं ते सुकंच. हा पोरगा एरवी भाजलेल्या बांगड्यावर दोन भाकऱ्या संपवणारा, आणि आता ताट बाजूला सारत होता.

आणखी दोन तपशील नंतर कळले, आणि माझ्या मते तेच निर्णायक होते. पहिला: गुरुजींनी रंगात येऊन साकवाचं वर्णन करताना शेजारी पडकी घुमटी, म्हणजे लहानसं देऊळ, आणि वाकडा माड घातला होता.  बाबूच्या रोजच्या वाटेवरच्या साकवाशेजारी हुबेहूब तसंच आहे. वीस मुलांना ती गोष्ट कुठेतरी घडत होती. एकाच मुलाला ती त्याच्या दारात घडली.

दुसरा: बाबू झोपत नाही हे पाहून आजीने हाताशी आलेलं हत्यार उचललं होतं. "गप नीज, नायतर चकवो व्हरतलो." म्हणजे चकवा घेऊन जाईल.

समोरचे पर्याय

बालविभागाच्या समितीत आम्ही पाच जण आहोत. दुसऱ्या दिवशी बैठक बसली. ती शांतपणे झाली असं म्हणता येणार नाही.

एक मत सरळ होतं: भुताच्या गोष्टी बंद. तक्रार एकाची आली, उद्या पाचांची येईल. दुसरं मत वयाचं: आठ वर्षांखालच्यांना सहा वाजता घरी पाठवावं. पण बाबू आठचाच होता, आणि सहा वर्षांची एक मुलगी त्याच गोष्टीवर खदाखदा हसत घरी गेली होती. वयाने सगळं ठरत नाही हे समोर दिसत असताना वयाची रेघ ओढणं मला सोयीचं वाटलं, खरं नाही.

गुरुजी दुखावले होते. "माझ्या आजयेन माका सांगल्यान. मी मेलंय काय?" असं म्हणून ते खिडकीबाहेर पाहत बसले. त्यांचा पर्याय म्हणजे काहीच न करणं. पोर आपोआप सावरेल. पुष्कळदा सावरतंही, पण इथे दहा दिवस होऊन गेले होते आणि आजीचा धाक रोज नवं तेल घालत होता.

सगळ्यात वजनदार आक्षेप समितीतल्या एका पालकांचा होता. ते अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीत बरीच वर्षं आहेत. त्यांचं म्हणणं: आपल्या राज्याने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, आणि आपण वाचनालयात बसून मुलांच्या डोक्यात चकवा भरतो. गोष्ट सांगायचीच तर शेवटी भूत खोटं ठरलं पाहिजे, प्रत्येक वेळी.

मी त्या कायद्याची अनुसूची वाचली आहे. मंत्राने भूत बोलावीन अशी धमकी देऊन दहशत घालणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, अशा गोष्टी तिथे गुन्हा आहेत. गुरुजींचा अर्धा बांगडा त्यात बसत नाही. "गोष्टीपेक्षा आजीचं वाक्य त्या यादीच्या जास्त जवळ आहे," असं मी म्हटलं. विनोद होता, कुणी हसलं नाही. पण बोलून गेल्यावर मलाच त्यात काहीतरी सापडलं.

बागुलबुवाला गोष्ट नसते. त्याचं घर नाही, नियम नाहीत, शेवट नाही. तो फक्त येतो आणि नेतो, तेही मोठ्यांच्या सोयीने, झोपेच्या नाहीतर जेवणाच्या वेळी. तो धाक आहे. गोष्टीतल्या भुताला मात्र नियम असतात. चकवा वाट चुकवतो, खात नाही. मुंजा पिंपळावर असतो, तिथून उठून तुमच्या माजघरात येत नाही. हडळीचे पाय उलटे, म्हणजे ती ओळखता येते. मूल हे नियम घोकत असतं, आणि नियम कळले की त्याच्या हातात काहीतरी येतं.

आपण मुलाला अगदी पहिली कुठली गोष्ट सांगतो ते आठवा. म्हातारी लेकीकडे निघालेली, वाटेत वाघ, वाघ म्हणतो मी तुला खाणार. अडीच-तीन वर्षांच्या पोराला आपण मांडीवर घेऊन सांगतो की एका आजीला वाघ खाणार आहे, आणि पोर टाळ्या पिटतं! कारण भोपळा येणार हे त्याला ठाऊक असतं. पन्नास वेळा ऐकलेलं असतं. ही गोष्ट वाघापाशी थांबवून दिवा मालवला, तर तीच गोष्ट काय करील?

युरोपातल्या लाल टोपीवालीचंही असंच आहे. पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ साली ती छापली तेव्हा लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते, पुढे उपदेश. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात शिकारी येऊन लांडग्याचं पोट फाडतो आणि मुलगी बाहेर येते. लांडगा दोन्हीकडे तेवढाच भयंकर. घरोघरी मात्र शिकाऱ्याचीच गोष्ट सांगितली जाते.

बाबूच्या घरीही एक पर्याय तयार होता. शेजारच्या काकूंनी अंगारा आणि धागा सुचवला होता. आई तयार होती, बाबा नव्हते. मी त्यावर मत दिलं नाही. एवढंच म्हटलं की धागा बांधलात तर बाबूला त्याचा एकच अर्थ लागेल: चकवा खरा आहे आणि मोठेही त्याला घाबरतात.

काय केलं

पहिला प्रयत्न फसला. चळवळीतल्या त्या पालकांनी आणि मी मिळून बाबूला समजावायचं ठरवलं. चकव्यावर सांगण्यासारखं खरंच पुष्कळ आहे. जर्मनीत ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालत राहायला सांगितलं. सूर्य दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ चालली. ढगाळ दिवशी जंगलात मात्र गोल फिरली, स्वतःचीच वाट पुन्हा ओलांडली आणि त्यांना पत्ता नव्हता. डोळे बांधून चालवलं तेव्हा तर काही जण वीसेक मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरत राहिले. म्हणजे चकव्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी पाहिलेलं खोटं नव्हतं, नाव तेवढं त्यांनी ठेवलं.

आम्ही बाबूचे डोळे रुमालाने बांधून त्याला शाळेच्या मैदानावर चालवलं. तो वाकडा गेला, हसला, त्याला मजा आली. आम्ही खूश. मग रुमाल सोडता सोडता त्याने विचारलं, "मगे बांगडो कोणी खाल्ल्यान?"

आम्ही दोघेही गप्प.

अकरा दिवस त्या पोराच्या डोक्यात हा एक प्रश्न होता. वाट चुकण्याची त्याला भीती नव्हतीच. अंधारात कुणीतरी बसून अर्धा मासा खाल्ला होता आणि ते कोण, हे कुणी सांगितलं नव्हतं. आईने, आजीने, मी, कुणीच त्याला विचारलं नव्हतं की नेमकी कशाची भीती वाटते. आम्ही आपले त्याला चकव्याबद्दल शिकवत होतो.

ओळखीच्या एका बालसमुपदेशक बाईंना मी फोन केला. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या: झोप, जेवण, शाळा. शाळेला जातो आहे, खेळतो आहे, म्हणजे घाई नको, म्हणाल्या. या वयात अंधाराची आणि भुतांची भीती नेहमीची आहे. ती महिनोन्‌महिने टिकली, शाळा सुटू लागली, तर घेऊन या. तोवर चिडवू नका, जबरदस्तीने अंधारात पाठवू नका, आणि रोज रात्री दार-खिडक्या तपासून "बघ, कुणी नाही" असंही करत बसू नका. रोज तपासायला लागतं म्हणजे काहीतरी असणारच, असं मूल धरून चालतं.

मग ठरलं की गोष्ट पूर्ण करायची. ती एकट्या बाबूला सांगायची की सगळ्यांसमोर, यावर आमची चर्चा झाली. एकट्याला सांगावी तर तो आजारी ठरतो, सगळ्यांसमोर सांगावी तर रडला तर काय. शेवटी शनिवारीच, सगळ्यांसमोर, पण पाच वाजता, दिवसाउजेडी, सगळ्या खिडक्या उघड्या. आणि एक नवा नियम: कुणीही हात वर करून "थांब" म्हटलं की गुरुजी थांबणार, का ते विचारायचं नाही. गुरुजींना हा नियम मुळीच आवडला नाही. रंगाचा बेरंग होतो म्हणाले. तरी कबूल झाले.

गोष्ट पहिल्यापासून सुरू झाली. या खेपेला घुमटी नाही, वाकडा माड नाही, "लांब एका गावात" एवढंच. बाबू आईला टेकून बसला होता. पहिल्या साकवाला त्याने हात वर केला. गुरुजी थांबले, पाणी प्यायले. खोलीत कुणी बोललं नाही. बाबूने मान हलवली, गोष्ट पुढे गेली. अर्ध्या बांगड्यापाशी पुन्हा हात. यावेळी बराच वेळ. मागून एक मुलगा कुजबुजला, "सांगा ना," आणि बाबूच वळून त्याला म्हणाला, "गप रव." मग स्वतःच गुरुजींना: "पुढे."

पुढे असं होतं. तो माणूस धावायचं सोडून साकवावर बसतो. बसल्यावर त्याला कुरकुर कुरकुर आवाज येतो, फळीच्या खालून. तो वाकून बघतो. काळोखात दोन डोळे. आणि एक कान तुटलेला. त्याच्याच घरचं मांजर, बांगडा खात बसलेलं! मांजर तोंडात बांगड्याची शेपटी धरून निघतं, हा त्याच्यामागून. पन्नास पावलांवर गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, भगदाडातून मांजर आत शिरतं, आणि माणसाला आपलं परडं दिसतं. रात्रभर तो घराभोवतीच फिरत होता.

मुलं हसली. बाबू हसला नाही. त्याने विचारलं, "मांजरीचा कान कोणी तोडल्यान?" गुरुजी म्हणाले ती दुसरी गोष्ट आहे, आणि माझ्याकडे बघून लगेच घाईने म्हणाले, "बोक्याने. भांडणात. झाली गोष्ट."

परिणाम

त्या रात्री बाबूने बांगडा खाल्ला नाही. तिसऱ्या दिवशी खाल्ला. अंथरुणातला प्रकार पुन्हा झाला नाही. साकवावरून जायला मात्र त्याला गणपती उजाडले, आणि तेही सुरुवातीला मित्राचा हात धरून.

आजीशी आईने बोलावं असं मी सुचवलं होतं. सासूला कोण सांगणार, म्हणून तेही माझ्यावर आलं. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग पोराला निजवायचं कसं? माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. त्यांनीच काढलं: त्या आता त्याला संडासपर्यंत बॅटरी घेऊन सोबत करतात आणि वाटेत आपल्या माहेरच्या गोष्टी सांगतात. काही भुताच्याही असतात, असं आई सांगते. पण त्या पडवीत परत येईस्तोवर संपतात.

सगळं गोड झालं असं नाही. त्या पहिल्या शनिवारी आलेली पाच वर्षांची एक मुलगी पुन्हा आलीच नाही. तिच्या घरी मी दोनदा गेले, दोन्ही वेळा "तिला बरं नाही" असं कळलं. तिच्या डोक्यात बांगडा अजून अर्धाच आहे की काय, मला माहीत नाही. चळवळीतले पालक समितीत आहेत आणि अजून सहमत नाहीत. त्यांचा मुद्दा मी खोडू शकलेले नाही: मांजर निघालं म्हणून बाबू सुटला, म्हणजे भूत खोटं ठरल्यानेच सुटला ना? मला वाटतं, चकवा खरा निघून माणूस शहाणपणाने सुटला असता तरी चाललं असतं, प्रश्नाला उत्तर हवं होतं. पण हे मला वाटतं, सिद्ध करता येत नाही.

पुन्हा वेळ आली तर

भीतीची गोष्ट घड्याळ पाहूनच सुरू करायची. पाऊण तास हातात नसेल तर राजकन्याच बरी. वीज जाणार हे आमच्याकडे धरूनच चालावं लागतं, म्हणून आता कपाटात दोन चार्जिंगचे दिवे आहेत, आणि वीज गेली तरी गोष्ट थांबत नाही. पालक दारात उभे राहतात, कुरकुरतात, मग तेही ऐकत बसतात.

ऐकणाऱ्याच्या वाटेवरचं झाड, विहीर, साकव गोष्टीत घ्यायचं नाही. मोठ्यांना त्यानेच रंग चढतो आणि गुरुजींची अर्धी कला त्यात होती, हे मला कळतं. तरीही नाही.

"थांब"चा नियम राहिला. त्याचा दुरुपयोग होईल असं वाटलं होतं. झाला. दोन मुलं प्रत्येक वाक्याला हात वर करायची. तिसऱ्या शनिवारी बाकीच्यांनीच त्यांना गप्प केलं.

आणि आई तक्रार घेऊन आली त्या मंगळवारीच मी बाबूला समोर बसवून एक प्रश्न विचारायला हवा होता, समितीची बैठक बोलावण्याआधी. आम्ही पाच मोठी माणसं दोन तास बोललो, त्यात बांगडा हा शब्द एकदाही आला नाही.

या आषाढात

बाबू आता नऊ वर्षांचा आहे. रात्री तो धाकट्या बहिणीला चकव्याची गोष्ट सांगतो. आईने परवा येऊन सांगितलं की तो बरोबर अर्ध्या बांगड्यापाशी थांबतो, दिवा मालवतो, आणि पुढचं ऐकायला तिच्याकडून रोज एक बिस्किट घेतो. "याचा आता काय करूचा?" तिने विचारलं. समितीपुढे ठेवते म्हटलं.